हप्ता नाही, वर्गणी नाही: सेकंडहँड डी७५० आणि एकच ५० एमएम, आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकॉन डी७५० हा डीएसएलआर कॅमेरा सप्टेंबर २०१४ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत सुमारे २,३०० डॉलर होती. आज तीच बॉडी जुन्या बाजारात चांगल्या मोबाइलच्या भावात मिळते. हा अनुभव त्या बॉडीचा आहे, आणि सोबत ५० एमएम एफ/१.८ जी ही एकच लेन्स, दोन बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं आणि एडिटिंगसाठी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर. सगळी खरेदी रोखीची. घेताना अट एकच होती: ज्या वस्तूपायी पुढच्या महिन्यात कोणाला पैसे द्यावे लागतील, ती घ्यायची नाही. ही अट कुठे टिकली आणि कुठे नाही, तेवढंच इथे आहे.

आधी पैशाचं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. काढीव मुहूर्तांनी हल्ली थोडी कामं निघतात, पण लग्नाच्या फोटोंवर पोट असलेल्या माणसाचे ते चार महिने कोरडेच जातात. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. मग सप्टेंबरचा हप्ता भरायला जे येईल ते काम, सांगतील त्या दरात घेतलं जातं, आणि ज्या कामासाठी कॅमेरा घेतला ते मागे राहतं. ‘नो कॉस्ट’ हप्त्यालाही भुलू नये. रोखीने मिळाली असती ती सूट त्यात बहुधा मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी. घेण्याआधी दुकानदाराला दोन्ही भाव कागदावर लिहायला सांगा, एवढ्याने पुष्कळ उलगडा होतो.

जुनी बॉडी तपासायला किमान अर्धा तास हवा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात घ्या नाहीतर कोणाच्या घरी जाऊन घ्या, तपासणी तीच. विकणाऱ्यासमोर एक फोटो काढायचा आणि कार्डावरून थेट लॅपटॉपवर घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली आतली माहिती पुसलेली असते, त्यामुळे तो निरुपयोगी. एक्झिफटूल या मोफत सॉफ्टवेअरने तो उघडला की शटर काउंट (आतापर्यंत झालेले क्लिक) आणि बॉडीचा सीरियल नंबर दोन्ही दिसतात. नंबर बॉडीच्या तळाशी छापलेल्या नंबराशी आणि बिलाशी जुळला पाहिजे. या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. तेवढ्यावर ते बंद पडेल असं नाही, पण ९० हजारांच्या पुढचं शटर असेल तर भाव करताना शटर बदलण्याचा खर्च धरावा.

या मॉडेलचा इतिहासही माहीत हवा. सुरुवातीच्या काही बॉडींत तीव्र प्रकाशस्रोत फ्रेमबाहेर वरच्या बाजूला असला की फोटोत विचित्र आडवी फ्लेअर (प्रकाशाची झाक) येत असे. निकॉनने ती मोफत दुरुस्त करून दिली. अशा दुरुस्त बॉडीच्या ट्रायपॉड स्क्रूच्या भोकात आत काळा ठिपका असतो. ठिपका दिसला की सगळं ठीक, असं मानून लोक फसतात. २०१५ मध्ये शटरच्या दोषाची वेगळी सूचना निघाली आणि २०१६ व २०१७ मध्ये तिची व्याप्ती वाढवली गेली. त्या दोषात फोटोच्या एका भागावर सावली पडते. काळ्या ठिपक्यावरून त्याबद्दल काहीच कळत नाही, तिथे सीरियल नंबरच पाहावा लागतो. खात्रीसाठी पांढऱ्या भिंतीचे १/४००० सेकंद शटरवर २०-२५ फोटो सलग काढा. एका कडेला अंधारी पट्टी आली तर ती बॉडी सोडून द्या.

सेन्सरवरच्या धुळीसाठी एफ/१६ (हा आकडा मोठा तेवढं लेन्समधलं उजेडाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, फोकस मुद्दाम चुकवलेला आणि समोर आकाश किंवा कोरी भिंत. शटर मंद ठेवून कॅमेरा किंचित हलवला तरी चालतं, भिंतीचा पोत पुसला जातो आणि धूळ तेवढी जागच्या जागी राहते. करडे ठिपके दिसले तर घाबरू नका, ती धूळ साफ होते. कडा ठळक आणि मध्य फिका असे गोल डाग मात्र तेलाचे असतात, ते नुसत्या ब्लोअरने जात नाहीत. बॅटरीचं वय मेनूतच दिसतं: सेटअपमध्ये ‘बॅटरी इन्फो’ उघडलं की ० ते ४ असा आकडा येतो. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदला. विकणारे हा आकडा आपण होऊन दाखवत नाहीत.

लेन्स तपासताना मोबाइलचा टॉर्च पुरतो. ‘जी’ प्रकारची लेन्स बॉडीवरून काढली की तिचं अ‍ॅपर्चर मिटलेलं असतं. माउंटजवळची छोटी पट्टी बोटाने सरकवून ते उघडा आणि मागून प्रकाश टाकून पुढून तिरकं पाहा. एखाददुसरा धूळकण चालेल. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. पट्टी सोडताच पाती टचकन मिटली पाहिजेत. आळसावत मिटली तर पात्यांवर तेल आलंय, आणि अशा लेन्सचे फोटो कधी बरोबर तर कधी जास्त उजेडाचे येतात, कारण शटर उघडेपर्यंत अ‍ॅपर्चर मिटून झालेलं नसतं.

आता एकाच लेन्सचं. ‘ब्रेसाँने सगळं ५० वर काढलं’ हे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँबद्दलचं वाक्य एव्हाना इतकं झिजलंय की त्यावर खरेदी करू नये. त्यापेक्षा आपल्या जुन्या फोटोंना विचारावं. झूमवर काढलेले गेल्या दोन वर्षांतले फोटो एक्झिफटूलमधून काढून फोकल लेंथची (कोणता फोटो किती एमएमवर काढला, त्याची) यादी करा आणि पाहा, ठेवावेसे वाटलेले फोटो कुठे गोळा झालेत. ते ३५ च्या आसपास असतील तर ५० घेऊन पस्तावाल. मोबाइलवरून येणाऱ्यांना तर ५० फार अंगावर येतं, कारण मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४-२६ एमएमच्या जवळपासचा असतो.

आकड्यांत सांगायचं तर फुल फ्रेमवर (या बॉडीच्या, जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर) ५० एमएमला आडव्या फ्रेममध्ये तीन मीटरवर साधारण २.१६ बाय १.४४ मीटर एवढाच भाग मावतो. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल तर उभ्या फ्रेमसाठी अडीच-पावणेतीन मीटर आणि आडव्यासाठी चार मीटर मागे जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत आडवं धरलं तर पाठ भिंतीला लागते आणि माणूस तरीही मावत नाही. मग दाराबाहेर जाऊन चौकटीतून फोटो घ्यायचा, किंवा चेहरा आणि हात एवढंच घ्यायचं. फोटो बदलतो तो इथे. ‘सगळं येऊ दे’ ही सवय सुटते आणि काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. चुलीसमोर बसलेल्या बाईचा फोटो घेताना चूल, हात, चेहरा, मागची भांड्यांची फळी यांतल्या दोनच गोष्टी नीट मावतात. कोणत्या दोन, हे ठरवणं हेच त्या फोटोचं काम. (भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, १९१३-२०१२, यांच्या हातात रोलायफ्लेक्स कॅमेरा असे, म्हणजे लेन्स बदलायची सोयच नाही.)

एफ/१.८ चा मोह पहिला महिनाभर राहतो, नंतर उतरतो. एक मीटरवर १.८ ठेवलं तर जेमतेम चार सेंटीमीटर खोली फोकसमध्ये असते: डोळा स्पष्ट, कान गेला. दीड मीटरवर दहा सेंटीमीटर, आणि तिथेच एफ/४ केलं तर साधारण २२. चेहऱ्याला २.८ ते ४ पुरेसं आहे. १.८ वर आणखी एक त्रास म्हणजे स्टीलची भांडी, जोडवी, नथीतले मोती अशा चमकत्या कडांना फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झाक येते. २.८ वर ती बरीच कमी होते. शिवाय भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला १.८ वर सुमारे १/८००० लागतं आणि ही बॉडी १/४००० ला थांबते. फोटो एक स्टॉपने (म्हणजे दुप्पट) उजळ येतो, आकाश पांढरं पडतं. २.८ करा किंवा ५८ एमएमचा एनडी४ फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा.

बॉडी आणि लेन्सची जोडी जमली नाही तर सगळे फोटो किंचित मऊ येतात आणि दोष लेन्सला दिला जातो. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधला फोकस तळाशी असलेला वेगळा सेन्सर ठरवतो, म्हणून ही गडबड होते. दोन मीटरवर एक मजकूर लावा, ट्रायपॉडवरून १.८ ला एक फोटो व्ह्यूफाइंडरने आणि एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवरून) घ्या. दुसरा स्पष्ट आणि पहिला मऊ असेल तर मेनूतल्या ‘एएफ फाइन-ट्यून’मध्ये -२० ते +२० दरम्यान पाच-पाचच्या टप्प्याने सरकवत जा. दोन्ही मऊ असतील तर लेन्सच बघावी लागेल.

डार्कटेबलबद्दल खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे चीड येते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडली की फोटो कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा मलूल दिसतो आणि डाव्या-उजव्या बाजूंना मॉड्यूलचा बाजार भरलेला. त्यातली पाचच धरावीत: एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, डिनॉइज प्रोफाइल्ड आणि लेन्स करेक्शन. आधी एक्स्पोजरने चेहरा बरोबर उजळवा, आकाशाकडे बघूच नका, ते सिग्मॉइड सांभाळतं. उलट क्रमाने गेलात तर तासभर कुस्ती होते. सगळ्यात मोठा घोटाळा फोल्डर हलवण्याचा. फोटो फाइल मॅनेजरमधून दुसरीकडे नेले की डार्कटेबलला ते सापडत नाहीत. केलेलं काम फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये असतं, म्हणून हलवताना ती सोबत न्यायची आणि नव्या जागेवरून पुन्हा इम्पोर्ट करायचं. ८ जीबी रॅमवर काम चालतं, पण ग्राफिक्स कार्ड नसेल तर शंभर फोटो एक्स्पोर्टला लावून जेवायला जावं.

‘२४ मेगापिक्सेल आता कमी पडतात’ हे बहुतेकदा विकणाऱ्याचं बोलणं असतं. ६०१६ बाय ४०१६ पिक्सेल म्हणजे १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला इंचामागे ३३४ ठिपके. त्याहून मोठी प्रिंट वर्षात कितीदा काढली, ते आठवून पाहावं.

पावसाळ्यात खरा कस लागला. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि ६०-६५ च्या पुढे बुरशीला रान मोकळं. बॅग ही ठेवायची जागा नाही, तिचा फोम ओल धरून ठेवतो. रबरी कड असलेला १० लिटरचा हवाबंद डबा, त्यात पाव किलो रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र), एवढ्याने काटा ४० ते ५० वर राहतो. ३५ च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, आणि डब्यात परत घालण्याआधी पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम घातलं की डब्यातलीच ओल वाढते. तांदूळ घालू नयेत, ओल फारशी ओढत नाहीत आणि पीठ उडतं ते वेगळंच. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग वीस-पंचवीस मिनिटं बंदच ठेवायची, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं.

आठ महिन्यांत बिघडलं काय? कार्डाच्या झाकणाशेजारचं रबर घामाने फुगून सुटलं. जुना डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पातळ दुहेरी टेपने ते बसवलं, अजून टिकून आहे. आयकप (व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर) बॅगेत घासून निघतो आणि हरवतो. डीके-२१ हा नमुना, एक जादा घेऊन ठेवा. बॅटरी अजून दिवसभर सहज जाते. सलग क्लिक करताना रॉ असेल तर साधारण पंधरा फोटोंनंतर कॅमेरा दम खातो. फुटबॉल किंवा पक्षी हेच काम असेल तर ही जोडी घेऊच नका.

लग्नाला एकच बॉडी नेऊ नये. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा येत नाही, आणि मध्ये अक्षता घेतलेले दहा हात असताना ५० एमएमला पुढे सरकायला वावही नसतो. तिथे दुसरी बॉडी आणि एखादी झूम भाड्याने आणायची. भाडं बिलात वेगळं दाखवलं तर गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. दोन्ही कार्डांवर एकदमच फोटो जाईल असं सेटिंग ठेवायचं आणि घरी येताच तिसरी प्रत हार्ड डिस्कवर.

पुढची लेन्स घ्यायची की नाही यासाठी वहीत एक पान आहे. फोटो हुकला की कारण त्याच दिवशी लिहायचं: लांब होतं, मावलं नाही, उजेड नव्हता, उशीर झाला, बोलायला लाज वाटली. तीन महिन्यांनी मोजायचं. ‘मावलं नाही’ पंधरा-वीस वेळा आलं तर जुनी २८ किंवा ३५ शोधायची, तीही आधी दोन दिवस भाड्याने वापरून. सध्या पानावर सगळ्यात वर ‘उशीर झाला’ आहे.