पंचेचाळिशीत नोकरी सोडायची तर: पूर्ण थांबणं, अर्धं थांबणं की साठीपर्यंत चालणं?

चाळिशीच्या आसपासची, बरा पगार असलेली आणि रोजचे दोन-तीन तास वाहतुकीत घालवणारी माणसं भेटली की इकडच्या तिकडच्या गप्पा होतात आणि मग हळूच प्रश्न येतो, "तुम्ही दोघांनी सोडली ना नोकरी? किती साठवावे लागतात हो?" आकडा मी सांगते. पण नुसता आकडा देऊन कुणाला वाटेला लावावंसं वाटत नाही, कारण आम्ही आकडा गाठूनही चुकलो होतो.

ऑक्टोबर 2021 मध्ये आम्ही दोघांनी एकाच महिन्यात राजीनामे दिले. मी तेव्हा 44 वर्षांची, नवरा 46, मुलगी आठवीत. पुण्यात धायरीतल्या फ्लॅटचं कर्ज फिटलेलं. पुढचे 14 महिने आम्ही पूर्ण थांबलो. जानेवारी 2023 पासून अर्धे थांबलेलो आहोत, म्हणजे थोडं कमावतो आणि उरलेलं पुंजीतून घेतो. तिसरा मार्ग माझ्या दिरांचा: साठीपर्यंत नोकरी, हात थोडा सैल. हे तिन्ही मार्ग मी एकाच कुटुंबात जवळून पाहतेय.

25 पट की 33 पट

या विषयात कुणाशीही बोला, "वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पुंजी जमली की झालं" हे ऐकायला मिळतं. हा हिशेब अमेरिकेतला. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांचे 1926 पासूनचे आकडे घेऊन तो मांडला: पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढा, पुढे महागाईनुसार ती रक्कम वाढवत न्या, पैसे 30 वर्षं पुरतात. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला मात्र 30 नाही, 40-45 वर्षं काढायची असतात. शिवाय आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच 4 टक्के आहे, वर-खाली 2 टक्के. म्हणून मी 3 टक्के काढायचे धरते, म्हणजे 33 पट.

आज आमचा महिन्याचा खर्च 52,000 रुपये आहे. त्यात किराणा-दूध-भाजी, सोसायटी, वीज, औषधं, मुलीची फी, गावी सासूबाईंना पाठवायचे पैसे, आहेर-सणवार, आरोग्यविम्याचा बारावा हिस्सा, सगळं आलं. वर्षाचे 6 लाख 24 हजार, त्याच्या 33 पट म्हणजे 2 कोटी 6 लाख. राहतं घर यात धरायचं नाही, कारण घराची भिंत विकून किराणा आणता येत नाही. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे पैसेही वेगळे.

आता काटकसरीची खरी ताकद बघा. महिन्याला 1,000 रुपयांचा एक कायमचा खर्च उतरला, तर लागणारी पुंजी 3 लाख 96 हजारांनी कमी होते. चारचाकीचा हप्ता सोडून द्या, नुसतं पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग मिळून महिना 6,000 धरले तरी ती गाडी जवळजवळ 24 लाखांची पुंजी अडवून बसते. आमच्याकडे चारचाकी नाही. बाहेरच्या चहावर टाच आणण्यापेक्षा हा एक निर्णय दहापट मोठा होता.

आणि वर्षं? महागाई वजा जाता पुंजीवर 4 टक्के सुटतात असं धरा. मिळकतीच्या 30 टक्के मागे टाकणाऱ्याला 33 पट गाठायला साधारण 36 वर्षं लागतात, निम्मे टाकणाऱ्याला साडेएकवीस, 65 टक्के टाकणाऱ्याला 14. पगार किती आहे यावर हे ठरत नाही. किती टक्के मागे पडतात आणि किती खर्चात घर भागतं, यावर ठरतं.

पूर्ण थांबणं

आमची पुंजी तेव्हाच्या खर्चाच्या 31 पट होती. निम्मी शेअर फंडांत, निम्मी पीपीएफ, मुदत ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधीत. कागदावर ठीकठाकच.

पहिले काही महिने सुंदर गेले, हे मी मनापासून सांगते. सकाळी मुलीला डबा देऊन आम्ही दोघं तळजाईवर चालायला जायचो. नवऱ्याचा रक्तदाब गोळीशिवाय ताळ्यावर आला. मग बाजार उतरायला लागला. आम्ही सोडलं त्या ऑक्टोबरात सेन्सेक्स 62 हजारांच्या घरात पोचला होता, जून 2022 मध्ये तो 51 हजारांच्या आसपास होता. ही काही मोठी पडझड नव्हे. 2008 मध्ये तो 21 हजारांवरून वर्षभरात निम्म्याच्याही खाली आला होता. आमची एकूण पुंजी फार तर आठ टक्क्यांनी उतरली. पण पगार बंद असताना आठ टक्के वेगळेच दिसतात.

मे महिन्यात मार्केट यार्डात हापूसच्या पेटीसमोर नवरा उभा होता. भाव विचारला, एक आंबा हातात घेऊन वास घेतला, परत पेंढ्यात ठेवला आणि पायरीचे दोन डझन घेऊन आला. पायरीचा रस चांगलाच होतो, तक्रार त्याची नव्हती. पण एका पेटीने आमचं काहीही बिघडणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं आणि तरीही त्याचा हात मागे आला. पूर्ण थांबलेल्या माणसाकडे वाईट वर्षात एकच हत्यार उरतं: आणखी काटकसर. आणि ज्याने आधीच सगळं काटून ठेवलंय त्याने आणखी काय काटायचं?

दुसरी गोष्ट बायकांनी विशेष वाचावी. खर्च कमी करताना आम्ही धुणंभांड्याच्या मावशींना थांबवलं. महिना 3,000 वाचले, 33 पटीच्या हिशेबात जवळपास 12 लाख. वहीत ते छान दिसलं. प्रत्यक्षात ती भांडी माझ्या हाताखाली आली. दळण घरचं, पापड-लोणची घरची, पोळ्या घरच्या, शिवणकाम घरचं. प्रत्येक "वाचवलेल्या" रुपयामागे कुणाचे तरी दोन हात असतात आणि ते बहुतेक घरांत कुणाचे असतात ते सांगायला नको. नोकरीतून सुटून मी स्वयंपाकघरात अडकले होते. काटकसरीने लवकर निवृत्त होण्याचं गणित मांडताना पैशाच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना करा आणि ते तास कोण देणार त्याचं नाव लिहा. आमच्याकडे तो रकाना आला, तेव्हा नवऱ्याने भांडी घेतली आणि मावशीही परत आल्या.

पूर्ण थांबणं चूक आहे असं मी म्हणत नाही. एकटं किंवा दोघंच असाल, अंगावर कुणाची जबाबदारी नसेल, नोकरीने तब्येतच खाल्ली असेल आणि पुंजी 33 नाही तर 38-40 पट असेल, तर खुशाल थांबा. त्या वरच्या पाच-सात पटींत हापूसची पेटी बसते.

अर्धं थांबणं

आता मी तीन दुकानदार आणि एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघते. जीएसटीची विवरणपत्रं 11 आणि 20 तारखेला भरायची असतात, त्यामुळे महिन्याचे मधले दहा दिवस कामाचे, बाकीचे बरेचसे माझे. नवरा भोसरीतल्या छोट्या कारखान्यांना ड्रॉइंग करून देतो. दोघांचे मिळून सरासरी 32,000 येतात. म्हणजे पुंजीतून महिना फक्त 20,000 घ्यावे लागतात.

याने गणित किती बदलतं ते पाहा. समजा तुमचाही खर्च 52,000 आहे, मिळकतीच्या निम्मे तुम्ही मागे टाकता आणि अर्ध्या कामातून 32,000 मिळवण्याची खात्री आहे. मग 2 कोटी 6 लाखांपर्यंत थांबायची गरज नाही. 1 कोटी 30 लाखांवर नोकरी सोडता येते, आणि तिथे साडेएकवीसऐवजी साडेपंधरा वर्षांत पोचता येतं. सहा वर्षं आधी! पुढची 12 वर्षं महिना 20,000 काढत राहिलात आणि महागाईच्या वर 3 टक्केच सुटले, तरी सत्तावन्नाव्या वर्षी पुंजी आजच्या भावाने 1 कोटी 51 लाख होते. तोवर मुलीची फी संपून खर्च 45,000 वर आला असेल, तर ती रक्कम खर्चाच्या 28 पट भरते, आणि तेव्हा पुढे काढायची असतात 30 वर्षं, 45 नाहीत.

वाईट वर्षात फरक आणखी कळतो. बाजार पडला तर मी एखादं काम जास्त घेते आणि फंडाला हात लावत नाही.

या मार्गाचे काटेही आहेत. दुकानदार पैसे वेळेवर देत नाहीत. मागच्या वर्षी एका ठिकाणचे चार महिन्यांचे पैसे अडकले, आणि मागायला जाताना जीव नको झाला. वर्षाच्या मिळकतीतले दोन महिने कोरडे धरूनच बेत करा. दुसरा काटा जास्त फसवा: अर्धं काम फुगत जातं. "एवढं एकच बघून द्या ताई" म्हणत म्हणत मार्चमध्ये मी पुन्हा रोज नऊ तास बसले होते. नाही म्हणायला शिकावं लागतं. आणि नोकरीत असतानाच बाहेरचं पहिलं गिऱ्हाईक मिळालं नसेल, तर 32,000 सोडा, 10,000ही गृहीत धरू नका.

साठीपर्यंत चालणं

दिरांना त्यांचं काम आवडतं. दोन मुलं, गृहकर्जाची नऊ वर्षं बाकी. त्यांना हाच मार्ग बरोबर आहे. फक्त एक: खासगी नोकरीत साठीपर्यंत ठेवतील याची हमी नसते, आणि पन्नाशीत घरी बसावं लागलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून या मार्गावरच्या माणसानेही पन्नाशीपर्यंत निदान 15 पट बाजूला काढावी.

राजीनाम्याआधी तपासायच्या गोष्टी

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या निदान तीन वर्षं आधी घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला, तेवढा दिलासा आहे. पण वयाबरोबर हप्ता चढतच जातो. आमच्या वहीत सगळ्यांत वेगाने वाढणारी ओळ हीच.

भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनवर भिस्त ठेवू नका. 15,000 रुपयांची पगारमर्यादा आणि 18 वर्षांची नोकरी धरली, तरी सूत्राने फार तर महिना 3,857 रुपये येतात, तेही 58व्या वर्षापासून. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापून. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना पंचावन्ननंतर. म्हणजे पंचेचाळीस ते साठ हा पट्टा स्वतःच्याच पैशावर काढायचा. शेअर फंड विकताना वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. त्यामुळे एकदम मोठी रक्कम काढण्यापेक्षा दरवर्षी थोडी काढलेली बरी.

"गावी जाऊन राहिलो तर अर्ध्यात भागेल" असं बऱ्याच जणांना वाटतं. आमचं घर राजापूर तालुक्यात आहे, म्हणून सांगते: भाजी-दूध स्वस्त पडतं, घर स्वस्त पडत नाही. माकडं कौलं हलवतात, दर मेअखेर ती परतून घ्यावी लागतात, आणि हल्ली त्यासाठी माणूस मिळवणं हेच मोठं काम. मोठं दुखणं आलं की रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठायचं. मुलं शाळेत असतील आणि घरात सत्तरीचं माणूस असेल, तर पुणं सोडू नका. दोघंच असाल तर आधी एक अख्खा पावसाळा तिथे काढून पाहा, मेची सुट्टी नाही.

तुम्ही अजून ठरवत असाल, तर मी विचारणाऱ्यांना सांगते तेच करा. पुढचे सहा महिने पगार आला की सगळा दुसऱ्या खात्यात टाका आणि पूर्ण थांबल्यावर जेवढं काढणार, तेवढेच पैसे दर एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात येऊ द्या. त्या सहा महिन्यांत एखादा मोठा सण, एखादं लग्न आणि एखादं आजारपण येईलच. मधेच दुसऱ्या खात्याला हात लावावा लागला, तर किती लावावा लागला ते लिहून ठेवा. तो आकडा महिन्याला पाच-सात हजारांचा असेल, तर अर्ध्या कामाने तो भरून निघतो. वीस हजारांचा असेल, तर अजून नोकरी सोडायची वेळ आलेली नाही. आणि वही घरातल्या सगळ्यांसमोर उघडा. आमची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. सहलीचे पैसे का नाकारले हे तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बेरीज तीच करते.