आमचा मुलगा म्हणे कबूतर

रेटिंग: पाचपैकी एक. तोही रिसेप्शनवरच्या ताईंचा, मुलाची घामेजलेली बोटं त्यांनी न कंटाळता तीनदा पुसली म्हणून.

डीएमआयटी म्हणजे बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी ओळखणारी चाचणी. जाऊबाईंनी आग्रह केला म्हणून गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं शिकवतेय, म्हणजे मी तरी फसायला नको होतं. पण चिरंजीव सातवीत अपूर्णांकांत गटांगळ्या खातायत, आणि स्वतःच्या पोराचं आलं की बाईंची अक्कल शाळेतच राहते. साडेचार हजार मोजले.

काम झटपट. प्रत्येक बोट स्कॅनरवर मधून, डावीकडून, उजवीकडून. आठ दिवसांनी ४२ पानी गुळगुळीत रिपोर्ट. डावा मेंदू ४६.३ टक्के, उजवा ५३.७. स्वभाव: कबूतर. (बाकीचे पर्याय गरुड, मोर आणि घुबड. सासूबाई म्हणाल्या, "नशीब, घुबड नाही निघालं.") शिकण्याची पद्धत 'श्राव्य', तेव्हा धडे रेकॉर्ड करून ऐकवा. आणि पान २३ वर: तर्क-गणित 'कमी', इंजिनिअरिंगचा आग्रह नको.

ते पान मुलाने वाचलं. माझा खरा राग तिथे आहे. दुसऱ्या दिवशी वही काढ म्हटलं तर म्हणतो, "माझ्या बोटांतच नाहीये ना गणित!"

परत जाऊन समुपदेशक सरांना गाठलं. त्यांचं म्हणणं, ठसे आणि मेंदू गर्भात एकाच सुमारास घडतात. खरंय. दुधाच्या दातांचे अंकुरही तेव्हाच येतात. मग दात बघून करिअर का सांगत नाही? सर हसले, चहा मागवला. चहा चांगला होता.

ठसा एकदा उमटला की जन्मभर तोच. मेंदूचं तसं नाही. देहेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील-पोर्तुगालमधली, मोठेपणी अक्षरओळख झालेली माणसं तपासली. त्यांच्या मेंदूतही वाचनामुळे बदल झालेले दिसले. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय. हे मी पैसे भरल्यावर वाचलं.

'दृश्य-श्राव्य शिकणारे' हे खूळ मात्र आमचंही आहे. डी.एड.ला मी ते पाठ केलं होतं. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन चाळलं. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही.

ज्याला पुरावा आहे ते फुकट मिळतं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून मिटले आणि आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे, आठवड्याने आठवणारे पुढे. वर्गात मी सोमवारी मागच्या आठवड्याचे पाच प्रश्न विचारते, पाटी-पेन्सिलवर. मार्क नाहीत.

दुसरी गोष्ट झोप. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं. चांगलं केलं. पण झोपेचं घड्याळ पुढे सरकतं ते वयात येताना, आणि आमच्या सातवीतल्या कबुतराची व्हॅन सव्वासहाला दारात! सिॲटलमध्ये २०१६ पासून हायस्कुलं ७.५० ऐवजी ८.४५ ला भरू लागली, तर मुलं सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपली. आपल्याकडे दोन सत्रांच्या इमारतींचं काय करायचं हा प्रश्न आहेच, मान्य.

पैसे परत मागितले. "रिपोर्ट दिलाय ना मॅडम," एवढंच उत्तर मिळालं.

रिपोर्ट एकाच बाजूने छापलाय. पाठकोऱ्या बाजूवर सध्या अपूर्णांकांची बेरीज चालू आहे, पान ३१ पर्यंत आलोय. कागद इतका गुळगुळीत की पेन्सिल नीट उठत नाही, तेवढं घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.