शेअर्ड आयपी की स्वतःचा आयपी? ब्लॉकलिस्ट टाळायची तर काय घ्यावं

वर्गणीदारांना, ग्राहकांना हजारोंनी मेल पाठवणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो: मेल ज्या आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून जातात, तो इतरांबरोबर वाटून (शेअर्ड) घ्यावा की फक्त आपला (डेडिकेटेड)? मेल सेवा विकणारा सांगतो, ‘डेडिकेटेड आयपी घ्या, दुसऱ्याच्या स्पॅमचा फटका बसणार नाही.’ हे खरं आहे, पण अर्धंच. फटका बसत नाही, तसा दुसऱ्यांच्या चांगल्या वागणुकीचा आधारही मिळत नाही. मेल रोज, नेमाने आणि मोठ्या संख्येने जात नसतील तर शेअर्ड आयपीच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्लॉकलिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी, चालते कशी, ते आधी पाहू. मेल आला की समोरचा सर्व्हर पाठवणाऱ्या आयपीचे आकडे उलटे करून यादीच्या डीएनएसला (इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या नोंदवहीला) विचारतो. आयपी १९२.०.२.२५ असेल तर २५.२.०.१९२ आणि त्यापुढे झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग (स्पॅमहाउस ही अशा याद्या चालवणारी संस्था). नोंदच सापडली नाही तर तुम्ही यादीत नाही. उत्तर १२७.०.०.२ आलं तर स्पॅमहाउसच्या एसबीएल या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत नाव लागलंय, १२७.०.०.४ आलं तर एक्सबीएल यादीत, म्हणजे बहुधा मशीनमध्ये बॉट (परस्पर स्पॅम पाठवणारा घातक प्रोग्राम) शिरलाय. ही तपासणी स्वतः करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. ‘या वाटेने आलेली चौकशी घेत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. यादीत नाव आलं समजून कितीतरी जण यावरून उगाच धावपळ करतात.

आता शेअर्ड आयपी. एकाच आयपीवरून अनेक ग्राहकांचे मेल जातात, त्यामुळे कोणी पत्त्यांची विकतची यादी वापरली तर सगळ्यांचंच नाव खराब होऊ शकतं. म्हणून सेवा निवडताना दरापेक्षा तिचा कडकपणा बघा. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल सेवेत बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) ५ टक्क्यांवर किंवा तक्रारी ०.१ टक्क्यावर गेल्या की खातं तपासणीखाली येतं. असा जाच तुमच्या शेजाऱ्यांनाही होतो, आणि त्यातच तुमचं संरक्षण आहे. जी सेवा कुठलीही यादी काही न विचारता चढवू देते, तिथे एक दिवसही राहू नये. नाव ब्लॉकलिस्टमध्ये गेलंच, तर ते काढायचं काम इथे सेवाच करते.

डेडिकेटेड आयपी एसईएसवर महिना २४.९५ डॉलरला मिळतो. खरी अडचण पैशांची नाही, वॉर्म-अपची आहे. नव्या आयपीला पूर्वेतिहास नसतो. रोज थोडे थोडे मेल वाढवत काही आठवडे त्याची ओळख तयार करावी लागते, आणि पुढे ती टिकवावी लागते. दिवाळी अंक काढणाऱ्या प्रकाशकाचं उदाहरण घ्या. वर्षभर शांतता आणि दिवाळीच्या तोंडावर दोन दिवसांत चाळीस हजार मेल. स्पॅमर नवा आयपी घेऊन हेच करतो, मग जीमेलने दोघांत फरक कसा करायचा? याउलट पावत्या, ओटीपी, स्टेटमेंट रोज पाठवणाऱ्या संस्थेला डेडिकेटेड आयपी नक्की फायद्याचा.

मात्र डेडिकेटेड घेतला म्हणजे शेजार सुटला असंही नाही. यूसीईप्रोटेक्ट या ब्लॉकलिस्टच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर एकट्या आयपीऐवजी आयपींचा अख्खा गट किंवा सगळं नेटवर्कच यादीत जातं. तिथून लवकर सुटण्यासाठी पैसे मागतात, ते भरू नयेत. स्पॅमहाउस नाव काढायला एक पैसाही घेत नाही. तक्रारी थांबल्या की स्पॅमकॉप या ब्लॉकलिस्टमधली नोंद साधारण २४ तासांत आपोआप उतरते. सॉर्ब्स ही जुनी ब्लॉकलिस्ट तर जून २०२४ मध्ये बंदच झाली.

स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) स्वतःचा मेल सर्व्हर हा तिसरा मार्ग. बल्क मेलसाठी तो नकोच. बऱ्याच ठिकाणी मेल बाहेर पाठवायचं पोर्ट २५ मुळातच बंद असतं, आणि मिळालेला आयपी आधीच्या वापरकर्त्याने बदनाम केलेला असू शकतो.

आणि आयपी कुठलाही घ्या, डोमेनचं (मेल पत्त्यात @ नंतर येतं त्याचं) नाव आपल्यालाच सांभाळावं लागतं. स्पॅमहाउसची डीबीएल ही यादी डोमेनचीच आहे. तिथे नाव गेलं की आयपी बदलून काही उपयोग नाही. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तिन्ही व्यवस्था लागतात. प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब करायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत. मे २०२५ पासून आउटलुकनेही तेवढ्याच संख्येला त्या तीन गोष्टी बंधनकारक केल्या.

ब्लॉकलिस्टचं मूळ बहुतेक वेळा पत्त्यांच्या यादीत असतं. प्रदर्शनातल्या स्टॉलवरची वही आठवा. घाईघाईत लिहिलेले पत्ते, त्यात एखादं अक्षर चुकलेलं, आणि ते तसंच टाइप झालेलं. अशा चुकीच्या डोमेनांवर स्पॅम ट्रॅप, म्हणजे स्पॅमर पकडायला ठेवलेले सापळ्याचे पत्ते, लावलेले असतात. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या जुन्या पत्त्यांचेही ट्रॅप होतात. म्हणून आधी खात्रीचा मेल पाठवा, त्यातल्या लिंकवर क्लिक करणाऱ्यालाच यादीत घ्या. यादी लहान होईल, होऊ द्या.

निर्णय घेण्याआधी गेल्या वर्षभराचे रोजचे मेल किती गेले ते काढा. आलेखात दोन-तीनच उंच टोकं दिसली तर शेअर्ड. रोज सारखी रेघ दिसली तर डेडिकेटेड, आणि त्यातही पावत्या एका सबडोमेनवरून (डोमेनच्या पोटनावावरून), बातमीपत्र दुसऱ्या.