टब बघायच्या आधी गीझर बघा: आमच्या फ्रीस्टँडिंग बाथटबचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. पुण्यातल्या आमच्या जुन्या बंगल्याचं बाथरूम पूर्ण उखडलं, जुनी मोरी आणि शेजारची कोठीची खोली एक केली आणि त्यात फ्रीस्टँडिंग, म्हणजे भिंतीपासून सुटा उभा राहणारा बाथटब बसवला. १५०० मिलिमीटर लांब, ॲक्रिलिकचा, दोन्ही टोकांना पाठ टेकता येईल असा, ड्रेन मधोमध. एक अख्खा हिवाळा आणि पावसाळा वापरून झालाय. मला तो खूप आवडलाय, परत बाथरूम करायची वेळ आली तर परत घेईन. पण घ्यायच्या आधी जी माहिती हवी होती ती दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, तिथे सगळा वेळ आकार, फिनिश आणि मॅट की ग्लॉसी यातच जातो, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. ब्रँड मुद्दाम लिहिलेला नाही, कारण हे सगळं कुठल्याही कंपनीच्या टबाला लागू आहे.

पहिला प्रश्न गरम पाण्याचा. कॅटलॉगमध्ये कपॅसिटी २०० लिटर वगैरे दिलेली असते, ती ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वरच्या भोकापर्यंतची. माणूस आत बसला की पाणी वर येतं, त्यामुळे आमच्या टबात प्रत्यक्ष १५० लिटरच्या आसपास भरलं की छान खांद्यापर्यंत येतं. आता हिशोब करा. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं धरा, आंघोळीला ४० अंशांचं हवं, गीझरमधून ६० अंशांचं येतंय, म्हणजे निम्मं गरम आणि निम्मं गार, ७५ लिटर कडकडीत पाणी लागणार. आपल्याकडे बहुतेक घरांत १५ किंवा २५ लिटरचा गीझर असतो. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर एकदा पूर्ण तापायला अर्धा तासाच्या वर घेतो, म्हणजे तो तीनदा तापवायचा आणि तोवर पहिलं ओतलेलं पाणी कोमट होऊन जाणार. छोट्या इन्स्टंट गीझरचं तर नावच काढू नका, ३ किलोवॅटच्या इन्स्टंटमधून या तापमानाचं पाणी मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर येतं, टब भरायला तासापेक्षा जास्त लागेल. विजेचा खर्च मात्र लोकांना वाटतो तेवढा नाही, एका टबाला साडेतीन युनिटच्या आसपास.

आमच्याकडे गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे म्हणून हे सगळं जमलं. संध्याकाळी पाच-सहाला टाकी पूर्ण तापलेली असते, त्यामुळे टब हा आमच्याकडे संध्याकाळचा प्रकार आहे, सकाळी घाईत कोणी तिकडे बघतही नाही. सोलर नसेल तर निदान १०० लिटरचा उभा स्टोरेज गीझर बसवायची तयारी ठेवा, त्याला जागा लागते, भिंत मजबूत लागते आणि वायरिंग वेगळं लागतं. गॅस गीझर बाथरूमच्या आत अजिबात नको, प्लीज. टब भरेपर्यंत तो खूप वेळ सलग चालतो आणि बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेलेली आहेत, त्याला वास नसतो, कळतही नाही. लावायचाच तर बाहेर मोकळ्या हवेत.

मटेरियलबद्दल. आपल्या बाजारात मुख्यतः ॲक्रिलिक, मग स्टोन रेझिन किंवा सॉलिड सरफेस म्हणतात तो (दगडाची पूड आणि रेझिन मिसळून केलेला), आणि अगदी वरच्या बजेटमध्ये कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंड. शंभर वर्षांपूर्वी टब म्हणजे बहुतेक कास्ट आयर्नच. कोहलर कंपनीची गोष्ट मला फार आवडते, १८८३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जॉन मायकल कोहलरने शेतावरच्या जनावरांच्या पाण्याच्या लोखंडी द्रोणीला एनॅमल चढवलं, खाली पाय लावले आणि तो बाथटब म्हणून विकला. कास्ट आयर्न दिसतो राजेशाही, टिकतोही पिढ्यान् पिढ्या, पण रिकामाच दीडशे किलो किंवा त्याच्या वर, आणि पाणी ओतलं की आधी ते लोखंड स्वतः तापतं, पाण्यातली उष्णता खातं. ते एकदा तापलं की मग ऊब धरून ठेवतं हे खरं. स्टोन रेझिनचा स्पर्श अप्रतिम, ओरखडा गेला तर बारीक घासून काढता येतो, पण तोही शंभर किलोच्या पुढे जातो आणि किमतीत ॲक्रिलिकच्या दुप्पट-तिप्पट सांगितला आम्हाला. ॲक्रिलिक तीस ते पन्नास किलो, दोन माणसं उचलून आत नेतात, अंगाला गार लागत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या नव्वद टक्के घरांना ॲक्रिलिकच योग्य.

फक्त ॲक्रिलिकमध्ये चांगलं-वाईट ओळखायला शिका. टबाच्या तळावर अनवाणी उभं राहायचं आणि टाचेने दाबायचं, तळ लवता कामा नये. जो तळ लवतो तिथे पुढे ड्रेनजवळ तडे जातात. बाहेरून टकटक करून बघा, खूप पोकळ आणि पातळ आवाज आला तर सोडून द्या. खाली वाकून मागची बाजू बघा, फायबरग्लासचा थर सगळीकडे सारखा आहे का, खाली फ्रेम आहे का, पाय खालीवर करता येतात का. आम्ही भवानी पेठेतल्या दुकानांपासून बाणेर रोडच्या शोरूमपर्यंत फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी चपला काढून टबात आडवं झालो. सेल्समन जरा चमकतात, चमकू दे. ऑनलाइन फोटो बघून टब घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पाठीचा उतार फोटोत कळत नाही. काही टब दिसायला इतके सुंदर पण पाठ इतकी सरळ की बसल्यावर मान कुठे टेकायची कळत नाही. आणि उंची विचारताना बाहेरची विचारू नका, ओव्हरफ्लोपासून तळापर्यंत किती ते विचारा, पाणी तेवढंच भरणार आहे. एका साठ सेंटिमीटर उंच टबात ओव्हरफ्लो इतका खाली होता की गुडघे कायम उघडेच राहिले असते.

लांबीचं म्हणाल तर मी सव्वापाच फूट, मला १५०० बरोबर होतो, पाय समोरच्या भिंतीला टेकतात म्हणून घसरायला होत नाही. माझा नवरा सहा फूट, त्याला गुडघे वाकवावे लागतात. १७०० घेतला असता तर मी आत तरंगले असते आणि पाणीही जास्त लागलं असतं. घरात जास्त कोण वापरणार त्याच्या मापाने घ्या.

आता जागा. फ्रीस्टँडिंग म्हणजे चारी बाजूंनी मोकळा, आणि ही मोकळीक खरी पाहिजे. भिंत आणि टब यात निदान पंधरा सेंटिमीटर, म्हणजे पोछा आणि हात दोन्ही आत जातील एवढी. चार बोटांची फट ठेवली तर तिथे केस, साबण, धूळ सगळं जाऊन बसतं, ते काढता येत नाही, आणि पावसाळ्यात तिथूनच वास येतो. फ्लॅटमधल्या पाच बाय आठच्या बाथरूममध्ये हा टब टाकायचा हट्ट करू नका, तिथे एक बाजू भिंतीला चिकटणारा बॅक-टू-वॉल घ्या किंवा सरळ मोठी शॉवरची जागा करा. आणि दार मोजा! बाथरूमचं दार अडीच फुटांचं असतं, चौकट वजा जाता त्याहून कमी, टब आडवा करून नेला तरी बोळात वळतो का ते बघा, लिफ्ट असेल तर लिफ्टही मोजा.

ड्रेनबद्दल जरा सविस्तर, कारण खरी मेख इथे आहे. साध्या बाथरूममध्ये सगळं पाणी उतारावरून नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भांड्यात जातं, ते हळूहळू जातं म्हणून चालतं. टबाचं बूच उघडलं की दीडशे लिटर एकदम सुटतं. ते जर त्याच नहाणी ट्रॅपला जोडलं तर जाळीतून उलटं वर येतं आणि सगळी फरशी साबणाच्या पाण्यात. म्हणून टबाला वेगळा ट्रॅप आणि वेगळी, निदान दोन इंची लाइन काढून पुढे चेंबरपर्यंत न्यायला सांगा. दुसरं, टबाच्या पोटाखाली जोडणी कायमची गाडून टाकू नका. आमच्या प्लंबरने टबाच्या कडेला, वरून झाकण उघडेल असा ट्रॅप ठेवलाय आणि टबातून तिथवर लवचिक पाइप, काही अडकलं तर टब न हलवता साफ होतं. हा माणूस खरंच हुशार निघाला, त्याने कामाच्या आधीच टब साइटवर आणून ठेवायला लावला, जागेवर ठेवून खडूने खुणा केल्या, ड्रेनचं भोक कुठे येतं ते जमिनीवर काढलं आणि मगच फोडाफोडीला हात घातला. कॅटलॉगच्या ड्रॉइंगवर विसंबून पाइप टाकले आणि टब नंतर आला तर दोन इंचांचा फरकही महागात जातो. वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी लावायच्या आधी पाणी तुंबवून दोन दिवस ठेवायला सांगा, कंत्राटदार कुरकुर करेल, करू दे. अजून एक, टब बरेच दिवस वापरला नाही तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि वास, झुरळं वर येतात, अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा.

नळ जमिनीतून उभा येणारा घ्यायचा की भिंतीतून, यात मी डोळे झाकून भिंतीतला म्हणेन. जमिनीतला दिसतो देखणा, पण तो महाग, खाली पक्का बोल्ट केलेला नसेल तर हलायला लागतो आणि बिघडला तर फरशीला हात लावावा लागतो. भिंतीतला स्पाउट आणि सोबत लांब पाइपचा हँड शॉवर, बास. टाकी बाथरूमच्या अगदी वरच्या गच्चीवर असेल तर प्रेशर फार कमी मिळतं, दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार म्हणजे दाबाचं माप), म्हणजे एका मजल्याच्या उंचीला जेमतेम ०.३ बार. त्यात टब भरत बसावं लागतं, छोटा प्रेशर पंप लावला की काम होतं.

वरच्या मजल्यावर किंवा फ्लॅटमध्ये बसवत असाल तर वजन. टब, पाणी, माणूस मिळून ॲक्रिलिकमध्येही अडीचशे किलोच्या वर जातं आणि ते सगळं एक-सव्वा चौरस मीटरवर. आपल्याकडे घरातल्या बाथरूमचा स्लॅब आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराच्या भारासाठी धरतात. याचा अर्थ लगेच स्लॅब पडेल असा नाही, तो भार सगळ्या खोलीभर धरलेला असतो, पण जुन्या इमारतीत, त्यात संक स्लॅबमध्ये, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये, आधीच विटांचे तुकडे भरलेले असताना, स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय स्टोन रेझिन किंवा कास्ट आयर्नचा विचारही करू नका. आमचा तळमजला आहे म्हणून निश्चिंत होतो.

वापराबद्दल. आमच्याकडे पद्धत अशी पडलीय की आधी बाहेर बादली-तांब्याने साबण लावून स्वच्छ आंघोळ आणि मग टबात नुसतं पडून राहायचं. त्यामुळे पाणी स्वच्छ राहतं, एकामागून एक दोघांना वापरता येतं, आणि नंतर तेच पाणी बादलीने काढून फ्लशला आणि अंगण धुवायला जातं. हे मी मनापासून सांगतेय, कारण शहरासाठी पाण्याचं सरकारी माप माणशी दिवसाला १३५ लिटर धरलेलं आहे आणि एक टब म्हणजे त्याहून जास्त. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की आमचा टब बंद म्हणजे बंद, त्यात मुलांचे जास्तीचे टॉवेल ठेवतो. रोज टबात आंघोळ करायचा विचार असेल तर पुण्यात तरी तो करू नये.

सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, त्या टबात जात नाहीत. अठ्ठावन्न सेंटिमीटरची कड ओलांडणं साठीनंतर सोपं नाही, आणि फ्रीस्टँडिंग टबाला धरायला भिंत जवळ नसते. भिंतीत पक्का हँडल लावलाय तो आमच्यासाठी, त्यांच्यासाठी वेगळी शॉवरची जागा आणि बसायला स्टूल आहे. टब हीच घरातली एकमेव आंघोळीची जागा करू नका. लहान मुलांना एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, आणि वापरून झालं की पाणी भरून ठेवायचं नाही. दिवाळीत अभ्यंगस्नानाला हौसेने टबात उतरू नका, तेल लावलेल्या अंगाने ॲक्रिलिकवर पाय असा सटकतो की विचारू नका. तेल-उटणं पाटावर बसून, धुऊन झालं की मग टब.

स्वच्छता सोपी आहे पण पाण्यावर अवलंबून आहे. महापालिकेचं धरणाचं पाणी असेल तर मऊ कपडा आणि भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षारांची पांढरी रेघ पाण्याच्या पातळीवर उठतेच, त्यासाठी पाणी घातलेलं व्हिनेगर लावून पुसून टाकायचं. टॉयलेटचं ॲसिड, घासायची पावडर, तारेचा काथ्या यातलं काही ॲक्रिलिकला लावायचं नाही, चकाकी कायमची जाते, आणि हे घरी कामाला येणाऱ्या मावशींना नीट दाखवून सांगा कारण त्या बिचाऱ्या चांगल्या मनाने घासतात.

शेवटचं म्हणजे पैसे देताना बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि दाबून उघडणाऱ्या बुचाचा सुटा पार्ट मिळतो का ते तिथेच विचारा. टबाला दहा वर्षांची वॉरंटी असली तरी बूच आणि ओव्हरफ्लोची रबरं तेवढी टिकत नाहीत, आणि फ्रीस्टँडिंगची मापं साध्या दुकानातल्या मापांशी जुळतीलच असं नाही. आम्ही बुचाचा एक जादा सेट टबासोबतच घेऊन ठेवलाय.