लंडनचा कार्निव्हल की बर्लिनचा?

रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहत वाढलेल्या आम्हा इंदूरकरांचे पाय परदेशातही मिरवणूक दिसली की थबकतात. माझा कौल लंडनच्या नॉटिंग हिलला. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी १९६६ पासून रुजवलेला हा उत्सव ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी असतो. पिसांचे भलेमोठे मुकुट, नाक्यानाक्यावर रचलेले स्पीकर, आणि स्टीलपॅन! त्रिनिदादमध्ये तेलाच्या पिंपांपासून घडलेलं हे वाद्य ऐकताना अंगावर काटा येतो. मुलं बरोबर असतील तर रविवारीच जा. तो दिवस कुटुंबांचा. सोमवारची गर्दी गेरीत मुरलेल्यांनाच झेपेल.

बर्लिनचा 'संस्कृतींचा कार्निव्हल' १९९६ पासूनचा. तिथे एकाच समाजाचा ठसा नाही, अनेक देशांचे जथे एकामागून एक नाचत येतात. विविधता हवी असेल तर हाच बरा. फक्त तारीख ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला बांधलेली, म्हणजे आपल्या तिथीसारखी दरवर्षी सरकणारी. त्या वर्षीची तारीख पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. दोन्हीकडे रस्त्यावर उभं राहून पाहायला पैसे पडत नाहीत. व्हिसा मात्र वेगवेगळे लागतात.