शब्दांसाठी कानात बोळे: फिल्टरच्या इअरप्लगचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या गणपतीच्या आधी मी गाण्याच्या कार्यक्रमांना घालायचे इअरप्लग घेतले. फार्मसीत मिळणारे फोमचे नाहीत. सिलिकॉनच्या टिपा आणि आत छोटा फिल्टर असलेले. आता पुढचे गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात पुण्या-मुंबईतल्या पबमधले गिग, मोकळ्या मैदानावरचे महोत्सव, नाट्यगृहं, एकदोन घरगुती मैफली, सगळीकडे ते सोबत होते. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतले, म्हणजे दोन-अडीच हजारांच्या आसपासचे, बहुतेक ब्रँड रचनेने सारखेच आहेत. पुढे लिहिलेलं थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडावं.

मी काय ऐकते ते आधी सांगायला हवं, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी माणसं ही माझी जुनी आवड. लेनर्ड कोहेन आणि जॉनी मिचेल कॉलेजात कॅसेटवर भेटले. वामनदादा कर्डक त्याच कुळीचे, हे बरंच नंतर उमगलं. गोव्यातल्या शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने अल्बम रेकॉर्ड करणारा रेमो फर्नांडिसही त्यातलाच. या गाण्यांत गळा जरा खरखरीत असला तरी चालतो, ताल एखाद्या वेळी सुटला तरी कोणी मोजत नाही. शब्द मात्र पोचलेच पाहिजेत. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ हुकली की शेवटच्या कडव्याचा पत्ता लागत नाही.

आणि हल्ली नेमके शब्दच ऐकू येत नाहीत. घरात रेकॉर्डिंगवर गिटार आणि आवाज एवढंच असलेलं गाणं पबमध्ये येतं तेव्हा मागे ड्रम, बेस आणि टेबलाखालून पाय हलवणारे सबवूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, असतात. मी फोनवर आवाज मोजून पाहते. कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं आयफोनसाठी मोफत ॲप आहे. फोनचं मापन काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. स्टेजजवळ आकडा १०० डेसिबलच्या पुढे जाताना मी बघितलाय, तोही ज्याला आपण ‘शांत’ कलाकार म्हणतो त्याच्या कार्यक्रमात.

याच नायॉशचा हिशेब असा, की ८५ डेसिबल आठ तास चालेल आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. दोन तासांचा गिग १०० वर ऐकला तर त्या हिशेबाने आठ दिवसांचा कोटा एका रात्रीत संपला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी एक मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, श्रोत्यांना कान झाकायची साधनं द्या, थोडं शांत बसायला एखादा कोपरा ठेवा. मी जिथे जाते तिथे असा कोपरा अजून दिसलेला नाही. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम बघावेत तर ते आवाज हद्दीच्या रेषेवर मोजतात. शेजारच्या सोसायटीची काळजी आहे आणि ती असायलाच हवी. तिकीट काढून आत गेलेल्याने आपल्या कानांचं आपण बघायचं.

माझे कान कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजायला लागले तेव्हा मी बघायला लागले. नील यंग या गायक-गीतकाराची गोष्ट ठाऊक होती. १९९१ च्या एका गोंगाटी लाइव्ह अल्बमच्या मिक्सिंगनंतर त्याच्या कानात आवाज सुरू झाला, आणि पुढच्या वर्षीचा हळुवार अल्बम आपण मोठा आवाज नको म्हणूनच केला, असं त्याने स्वतःच सांगितलंय. त्याच्या चाहत्यांना एक सुंदर अल्बम मिळाला. माझे कान गेले तर कुणाला काय मिळणार?

फोमचे बोळे आधी वापरून झाले होते. आवाज कमी करण्यात ते खरं तर जास्त जोरकस आहेत. पण ते वरच्या पट्टीचे सूर खालच्यापेक्षा बरेच जास्त दाबतात, त्यामुळे बेस धडधडत राहतो आणि शब्दांच्या कडा जातात. स, श, च, त यांसारखी व्यंजनं वरच्या कंपनांवर जगतात. ती गेली की ‘रात’, ‘राख’ आणि ‘रास’ यांतला फक्त ‘रा’ उरतो. शिवाय मोकळ्या कानाची नळी २७०० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपसूक वाढवून देत असते. नळी बुजली की ती मदतही बंद.

फिल्टरच्या इअरप्लगमागची कल्पना अशी, की सगळ्या कंपनांना जवळपास सारखीच कात्री लावायची. इटिमॉटिक रिसर्च या अमेरिकन कंपनीने १९८० च्या दशकात वादकांसाठी असा १५ डेसिबलचा फिल्टर बाजारात आणला. आज बाजारात दिसतात ती सगळी त्याचीच पिलावळ. माझ्या जोडीत कात्री अगदी समान नाही, वरचे सूर किंचित जास्तच दबतात, पण झांज झांजेसारखी वाजते, आणि फोममध्ये ती पत्र्यासारखी वाजायची.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते पहिल्याच पब गिगला. बोळे घातले आणि शब्द जास्त कळायला लागले. आधी मला हा मनाचा खेळ वाटला, म्हणून एकाच गाण्यात घालून-काढून पाहिलं. खेळ नव्हता. आवाज फार मोठा झाला की खालचे जाड सूर वरच्या बारीक सुरांना झाकून टाकतात आणि आवाज वाढेल तसं हे झाकणं वाढत जातं. सगळंच पंधरा डेसिबलने खाली आणलं की कान पुन्हा ताळ्यावर येतो आणि गायकाची व्यंजनं बेसच्या खालून बाहेर निघतात. ध्वनितज्ज्ञांना यात नवीन काही नाही, गोंगाटाच्या कारखान्यांत हे कधीच दिसून आलंय. मला मात्र नवीन होतं. गिटारला घोडीखालच्या पिकअपमुळे, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पट्टीमुळे, येणारी ती चावरी, प्लास्टिकसारखी धार, तीही बोथट होते. तेवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल.

डब्यावरच्या डेसिबलच्या आकड्याचं मात्र फार मनावर घेऊ नका. तो प्रयोगशाळेतला, नीट बसवलेल्या प्लगचा असतो. प्रत्यक्षात कानात थोडी फट राहिली तरी त्यातले बरेच डेसिबल गळतात. बसवण्याची रीत अशी: उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून मागे घेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढायचा, आणि उजव्या हाताने प्लग हलका फिरवत आत सरकवायचा. डब्यातल्या चित्रात हे कुणालाही कळणार नाही इतकं बारीक काढलंय. नीट बसला की नाही याची सोपी खूण म्हणजे तोंड मिटून ‘म्’ धरायचा. स्वतःचा आवाज मोठ्या पिंपात घुमल्यासारखा आला तर बसला. माझ्या डाव्या कानाला मधली टिप लागते आणि उजव्याला लहान. हे पुष्कळांचं असतं, तेव्हा तिन्ही आकार डब्यात आहेत ना ते बघून घ्या. काढताना मात्र सावकाश, पिळून काढायचा. खसकन ओढलात तर कानात पोकळी होऊन कळ येते.

तो घुमणारा आवाज हीच या वस्तूची मोठी अडचण. या जातीच्या कार्यक्रमांत लोक गातात. गायक-गीतकार प्रतीक कुहाडच्या गाण्यांना तर अख्खी गर्दी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सोबत असते. आणि बोळे घालून गायला लागलात की तुम्हाला ऐकू येतं ते प्रामुख्याने तुमचंच गाणं, हाडांतून आलेलं, ढोलीत गायल्यासारखं. मला माझा आवाज कसा आहे हे इतक्या तपशिलात कळायची गरज नव्हती. शेजारच्यांचा आवाज दूर जातो, आपण एकटेच गातोय असं वाटायला लागतं, आणि मग गाणं आपोआप थांबतं. कंपनीच्या जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नाही. मी आता ज्या गाण्याला सगळे गाणार हे माहीत असतं, त्याच्या आधी मागे साउंडवाल्याच्या कन्सोलजवळ सरकते आणि एक कान मोकळा करते. तिथे आवाज पुढच्यापेक्षा सहा-सात डेसिबलने कमी असतो. वर तिथला समतोल सगळ्यात चांगला, कारण साउंडवाला तिथेच उभा राहून तो लावत असतो.

दुसरी गोष्ट, दोन गाण्यांच्या मधलं बोलणं. गिटारच्या मानेवर कापोचा चिमटा चढवताना, तार लावताना गायक माइकपासून तोंड वळवून अर्धवट काहीतरी पुटपुटतो, हे गाणं कुणावर लिहिलं, कोणत्या भाड्याच्या खोलीत लिहिलं, त्या घरमालकाचं काय झालं. अशा कार्यक्रमाला जाण्याचं निम्मं कारण माझ्यासाठी तेच असतं. रेकॉर्डिंग घरी आहेच की. ते पुटपुटणं बोळ्यांत हरवतं. त्यामुळे घाल-काढ करावी लागते, आणि अंधारात, हातात ग्लास असताना, दोन चिमुकल्या वस्तू सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत. गळ्यात घालायची दोरी सोबत येते. ती दिसायला काही खास नाही, पण घ्याच. मुलगी म्हणाली, “आई, तू चष्म्याच्या दोरीवाल्या काकू झालीस.” झाले. दोरीशिवायच्या काळात एक प्लग खुर्च्यांच्या रांगांत गेला तो गेलाच, आणि कंपनी सुटा एक विकत नाही.

कुठे वापरू नयेत तेही सांगते. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींसारख्यांचा नाट्यगृहातला कार्यक्रम असेल तर खिशातून काढूही नका. तिथे आवाज बेताचा असतो, शब्द पुढे असतात, बोळे घातले तर कवितेवर पडदा पडल्यासारखं होतं. घरगुती मैफलीला माइकच नसतो, तिथे प्रश्न मिटला. मैदानावरच्या महोत्सवात उलट ते सक्तीचे समजा. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एनएच-७ वीकेंडरसारख्या ठिकाणी एका स्टेजवरून दुसऱ्यावर जात दुपारपासून ऐकत राहतो माणूस. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचे असल्याने सगळं त्याआधी कोंबलेलं असतं, आणि कानांना मधे सुट्टी नसते. शाहिरी जलशांत शब्द पुढे असले तरी हलगीच्या जवळ बसायचं असेल तर घाला; तिची थाप अचानक आणि धारदार येते. गणपतीच्या मिरवणुकीत मात्र हे फिल्टर पुरत नाहीत. ताशांच्या रांगेशेजारी मी परत फोमचे बोळेच घालते. तिथे शब्द ऐकायचेच कुठे असतात! बेस मात्र कशानेही थांबत नाही, तो छातीतून आणि हाडांतून येतोच.

देखभाल फार नाही. टिपांना कानातला मळ लागतो, तो कोमट पाण्यात साबणाने धुवायचा, पण आधी फिल्टर काढून. त्याच्या आत पाणी गेलं तर आवाज बदलतो. सिलिकॉन पिवळट झालंय आणि उजवी टिप आता पूर्वीइतकी घट्ट बसत नाही. प्लग ठेवायची ॲल्युमिनियमची छोटी नळी किल्ल्यांच्या जुडग्याला लावलीय, तिचा आटा सैल होऊन ती एकदा पर्समध्ये उघडली. मी तिला रबरबँड गुंडाळलाय.

गिटारवाल्या ओळखीच्यांनी ऑडिओलॉजिस्टकडून कानाचा साचा घेऊन करवलेले प्लग दाखवले. ते तासन्‌तास कानात जाणवत नाहीत आणि फिल्टर ९, १५ किंवा २५ डेसिबलचा बदलता येतो. किंमत माझ्या जोडीच्या कितीतरी पट. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला त्याची गरज नाही. पबमध्ये रोज काम करणाऱ्या वेटरला मात्र आहे, आणि त्याच्या कानात काहीच नसतं.

ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांनी हे परस्पर घेऊ नयेत. वरची व्यंजनं आधीच गेलेली असतील तर बोळ्यांनी शब्द उलट आणखी कमी कळतात. आधी कानांची तपासणी करून घ्या. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्यासाठी वरून घालायचे इअरमफ बरे, टिपा त्यांच्या कानात टिकत नाहीत. बाकीच्यांनी पहिल्यांदा वापरताना निदान तीन गाणी होईपर्यंत काढू नका. सुरुवातीला सगळं शेजारच्या खोलीत चाललंय असं वाटतं, कान हळूहळू सरावतो.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा दोरीसाठी कापला आणि एक त्या सोबत गाण्याच्या भानगडीसाठी. पुढच्या महिन्यात मुंबईत गिग आहे, उभं राहायचं तिकीट काढलंय. नव्या टिपांचा जोड कालच मागवला.