काटकसर की बचत?

भाषणाच्या मसुद्यात ‘काटकसर’ लिहावं की ‘बचत’, असा प्रश्न एका मैत्रिणीला पडला. दोन्ही शब्द एकच, असं तिला वाटत होतं. मला ते अजिबात पटत नाही.

अर्थ पाहा. काटकसर खर्चाच्या वेळी होते, बचत खर्चानंतर उरते. म्हणून बचत खात्यात ठेवता येते, काटकसर ठेवता येत नाही. हात आखडूनही महिनाअखेर काहीच उरलं नाही, तर काटकसर झाली, पण बचत नाही. उलट उत्पन्न भरपूर असेल तर काटकसर न करताही बचत होते.

वाक्यात बसवताना ‘काटकसर’ जास्त लवचीक. ‘काटकसरी माणूस’, ‘पाणी काटकसरीने वापरा’ किती सहज येतं! ‘बचत’पासून असं विशेषण रुळलेलं नाही. मात्र वेळेची बचतच होते, ‘वेळेची काटकसर’ कानाला खटकते.

छटेचं म्हणाल, तर ‘काटकसरी’ ही स्तुतीच आहे. ‘चिक्कू’शी तिची गल्लत करणं मला अन्यायाचं वाटतं.

स्वभाव किंवा सवय सांगायची असेल तर काटकसर घ्या. रक्कम, वेळ, श्रम वाचल्याचं सांगायचं असेल तर बचत. मैत्रिणीचं भाषण घर चालवणाऱ्या आईबद्दल होतं. तिला मी ‘काटकसर’ सुचवलं.